बिलासाठी नंबर कशाला?

आज लक्ष्मी रोडवर एका साडीच्या दुकानात पुन्हा तेच. "नंबराशिवाय बिल निघत नाही, काकू." त्या पोराची काय चूक? बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मोबाइलच्या रकान्याला लाल चांदणी असते, तो रिकामा ठेवला की 'सेव्ह' होतच नाही. ही सक्ती बहुतेकदा कुणीतरी सेटिंगमध्ये चालू केलेली असते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना सांगितलंय, नंबरासाठी बिल अडवू नका.

खरा संताप पुढच्या गोष्टीचा आहे. प्रसिद्ध होणाऱ्या मतदार यादीत नाव, वय, घर क्रमांक असतो. मोबाइल नंबर नसतो. दुकानातून किंवा सोसायटीच्या गेटवरून फुटलेली नाव-नंबर-पत्त्याची एक्सेल फाइल त्या यादीशी जुळवली, की निवडणुकीत उमेदवारांना प्रभागवार फोन लावायची सोय झाली! आपण होकार दिलेला असतो फक्त साडीच्या बिलाला.

नंबर द्यायला सरळ नकार द्या, छापील बिल मागा. १९०९ वर इंग्रजीत 'स्टार्ट', मग जागा सोडून ०, असा एसएमएस पाठवा. जाहिरातींचे कॉल आणि एसएमएस कमी होतात. व्हॉट्सॲपला ते लागू नाही, आणि एकदा फाइलमध्ये गेलेला नंबर त्याने बाहेर निघत नाही.