मोटरहोमच्या छतावरचा अडकलेला अँटेना

चोर्ला घाटातून गोव्याला निघालेली एक अमेरिकी बनावटीची मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, गेल्या उन्हाळ्यात आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतील वर्कशॉपसमोर येऊन थांबली. तिच्या छतावरचा टीव्हीचा अँटेना उभा राहिला होता आणि काही केल्या खाली बसत नव्हता. जांबोटीच्या पुढे रस्त्यावर झाडांच्या फांद्या बऱ्याच खाली आलेल्या असतात. उभा अँटेना घेऊन त्या वाटेने गेल्यास अँटेना मोडेलच, शिवाय त्याच्या बुडाशी छतही फाटेल आणि मग पावसाळ्यात गाडीत राहणे अशक्य होईल. म्हणून टीव्ही दिसो वा न दिसो, अँटेना खाली आणणे हेच त्या प्रवासी दांपत्याच्या दृष्टीने निकडीचे काम होते.

या यंत्राची रचना साधी आणि सुंदर आहे. गाडीच्या आत छताला एक हँडल असते. ते फिरवले की त्याच्या दांड्यावरचा वर्म, म्हणजे स्क्रूसारखी आटी असलेला भाग, फिरतो, वर्म दातेरी चाकाला फिरवतो आणि त्या चाकाला जोडलेल्या नळ्या अँटेना उचलतात. वर्म चाकाला फिरवू शकतो, पण चाक वर्मला सहसा फिरवू शकत नाही; त्यामुळे हँडल सोडले तरी अँटेना आपोआप खाली कोसळत नाही. त्याच ठिकाणी अँटेनाची दिशा बदलण्यासाठी एक कडे असते. खाली आणण्यापूर्वी त्या कड्यावरचा बाण छतावरच्या खुणेशी जुळवावा लागतो, नाहीतर अँटेना आपल्या जागेवर न बसता आडवातिडवा पडून वाकतो.

हँडल अगदी हलके फिरत होते. अशा वेळी आणखी जोर लावण्याचा मोह होतो, पण मी त्याला सक्त विरोध केला. आमचे मिस्त्री छतावर फळी टाकून बसले आणि मी आतून हँडल सावकाश फिरवू लागलो. हँडलचा स्क्रू ढिला असता, तर वरचा दांडा फिरलाच नसता. दांडा फिरत होता, नळ्या मात्र जागच्या हलत नव्हत्या. मिस्त्रींनी वरूनच सांगितले, "साहेब, दात खाल्लेत की हो!" नळ्यांची पिन काढून आम्ही अँटेना हाताने खाली बसवला आणि दोरीने बांधला. एवढ्यावरही गाडी गोव्यापर्यंत गेली असती, परंतु त्यांना पुढे फार लांबचा प्रवास करायचा होता.

चाकाचे दात असे झिजण्याचे कारण गिअर उघडल्यावर कळले. कुणीतरी त्या गिअरला नेहमीचे जाड ग्रीस भरपूर थापले होते आणि वाटेतली धूळ त्यात बसून त्याची चक्क व्हॉल्व्ह घासायची पेस्ट झाली होती. त्यात फिरणाऱ्या भागाची रबरी रिंग कोरडी पडून जड झालेली. इथे सिलिकॉन स्प्रे मारावा, कारण त्यावर धूळ कमी धरते आणि रबरही फुगत नाही. फवारल्यानंतर यंत्र दोन-चार वेळा पूर्ण वर-खाली करावे, म्हणजे तेल प्रत्येक दातापर्यंत पोहोचते.

मूळ सुटा भाग मागवायचा, तर तो परदेशातून येईपर्यंत पाऊस सुरू झाला असता. पण बेळगावात गिअर न मिळणे ही अडचण होऊ शकत नाही; फौंड्री, लेथ आणि मिलिंग मशीन यांवरच हे गाव जगते. आम्ही जुन्या चाकाचे शाबूत दात मोजले, वर्मची आटी मोजली आणि गनमेटल या तांब्याच्या मिश्रधातूच्या तुकड्यातून, वर्तुळाचे समान भाग पाडणारे डिव्हायडिंग हेड लावून नवे चाक कापले. वर्म आणि चाक यांच्यात घर्षण फार होते, म्हणून पोलादी वर्मसमोर गनमेटलसारखा तुलनेने मऊ धातू असावा. झीज झालीच तर ती बदलायला सोप्या भागावर होते, आणि जोडीही गुळगुळीत चालते. वर्म सुदैवाने शाबूत होता. तो केवळ रॉकेलने स्वच्छ केला.

अँटेनाच्या बुडाशी पाणी अडवण्यासाठी लावलेले सीलंट मात्र मी वरवर नवे थर देऊन झाकू दिले नाही. तडकलेल्या सीलंटवर नवे लावले की पाणी आतल्या जुन्या भेगेतून वाट काढतच राहते. सगळे खरवडून, जागा पुसून व सुकवून, बुडाखाली ब्युटाइल रबराची चिकट पट्टी बसवली, स्क्रू आवळले आणि मग त्यांच्या डोक्यांसह सभोवार छताला चालणारे सीलंट सोडले. ते सुकल्यावर पाइपने बराच वेळ पाणी मारून आतले छत हाताने तपासले.

केबल नळीच्या सांध्यापाशी वारंवार वाकून आतून तुटण्याची शक्यता असते, म्हणून ती मीटरवर पाहिली. अ‍ॅम्प्लिफायरला लागणारे १२ व्होल्टही त्याच केबलमधून वर पोहोचत होते. चित्र पाहण्याचा प्रश्न नव्हता, कारण दूरदर्शनची जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपणे बहुतेक ठिकाणी २०२२ पर्यंत बंद झाली आणि आपल्याकडे आता बहुतेक घरी डिश किंवा केबल आहे.

जाताना मी त्यांना खाल्लेले चाक आणि नव्या चाकाचे रेखाचित्र, दोन्ही दिले. त्यावर दातांची संख्या, बाहेरचा व्यास, भोक आणि आटीचे माप लिहिले आहे. ते घेऊन मिलिंग मशीन असलेल्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये गेले, तरी तसेच दुसरे चाक कापून मिळेल.