लेमीवर मॉडरेशन: बटण दाबल्यावर ते कुठपर्यंत पोचतं?

लेमी म्हणजे रेडिटसारखं चर्चेचं व्यासपीठ, पण एकमेकांना जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारं. इथे एकच पोस्ट तीन ठिकाणी असू शकते: लिहिणाऱ्याच्या सर्व्हरवर, कम्युनिटीच्या (एखाद्या विषयाच्या गटाच्या) सर्व्हरवर आणि वाचणाऱ्याच्या सर्व्हरवर. तिन्ही प्रती वेगळ्या. त्यामुळे काहीही काढण्याआधी मी कम्युनिटीच्या नावात @ नंतर काय आहे ते बघतो. तिचं घर ते, आणि बाकीच्यांपर्यंत निर्णय जातो तो त्या घरातूनच. परक्या कम्युनिटीतली पोस्ट मी ॲडमिन म्हणून काढली, तर ती फक्त आमच्याकडच्या लोकांना दिसेनाशी होते.

नोंदणी खुली, अर्जाने किंवा बंद ठेवता येते. मी अर्ज ठेवतो आणि नियम वाचल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असा एकच प्रश्न विचारतो. ढिलाईचा फटका शेजाऱ्यांनाही बसतो. बीहॉ या लेमी सर्व्हरने जून २०२३ मध्ये लेमी.वर्ल्डसह दोन मोठ्या सर्व्हरांशी संबंध तोडले, त्यामागे त्यांच्याकडची खुली नोंदणी आणि लेमीतली तोकडी मॉडरेशन साधनं ही कारणं होती.

आता पोस्टला मिळणारी मतं. सर्वांत जास्त गोंधळ इथंच होतो. अपव्होट (पसंतीचं मत) म्हणजे ॲक्टिव्हिटीपबमधलं, म्हणजे सर्व्हर एकमेकांशी ज्या प्रोटोकॉलने बोलतात त्यातलं, 'लाइक'; डाउनव्होट (नापसंतीचं मत) म्हणजे 'डिसलाइक'. साइटच्या सेटिंगमध्ये डाउनव्होट बंद केले की बाहेरून आलेला डिसलाइक मोजला जात नाही. त्या माणसाने आधी अपव्होट दिला असेल तर तेवढा मागे घेतला जातो. पण त्याच्या स्वतःच्या सर्व्हरवर डाउनव्होट चालू असेल, तर तिथे तो दिसतोच. म्हणून एकाच पोस्टचा आकडा इथे १२ आणि तिथे ९ असू शकतो. 'मतं चोरली' म्हणून तक्रार आली की आधी हे तपासावं.

आकड्याइतकीच वेळही महत्त्वाची. 'हॉट' क्रमवारीत गुणांचा (अपव्होट वजा डाउनव्होट) लॉगरिदम घेऊन त्याला (पोस्टचं वय तासांत + २) च्या १.८ व्या घाताने भागतात. तेवढ्याच गुणांवर सहा तासांनी पोस्टचं वजन साधारण बाराव्या हिश्श्यावर येतं. फेडरेशनची, म्हणजे सर्व्हरांमधल्या देवाणघेवाणीची, रांग तुंबून मतं उशिरा आली, तर ती मोजली जातात, पण पोस्ट वर यायची वेळ टळून गेलेली असते. छोट्या कम्युनिटीत पहिल्या तासातली चार मतं नंतरच्या चाळिसांना भारी पडतात, आणि टोळीने मत देणारे हे चांगलं ओळखून असतात.

टोळी ओळखायला मतदारांची यादी बघावी. ती ॲडमिनला उघडता येते. एकाच सर्व्हरवरची नवी कोरी खाती, मिनिटाभरात आलेली मतं, आणि त्याच खात्यांची एकही कमेंट नाही, असं दिसलं तर आधी त्या सर्व्हरच्या ॲडमिनला कळवतो. मतं गुप्त असतात हा लोकांचा समज मात्र चुकीचा आहे: प्रत्येक लाइकसोबत खात्याचा पत्ता जातो, आणि लेमीशी जोडल्या जाणाऱ्या एमबिनसारख्या सॉफ्टवेअरवर मत देणाऱ्यांची नावं कोणालाही बघता येतात. नियमावलीत हे स्पष्ट लिहावं.

'रिमूव्ह' आणि 'पर्ज' यांत गल्लत नको. रिमूव्ह परत फिरवता येतं आणि कारणासह मॉडलॉगमध्ये (मॉडरेशनच्या जाहीर नोंदवहीत) सगळ्यांना दिसतं. पर्जने डेटाबेसमधली नोंदच जाते. इतरांकडच्या प्रती मात्र त्याने मिटत नाहीत. बेकायदा मजकूर असेल तर आधी रिमूव्ह, मग पर्ज. पर्ज आधी केला, तर नेमकं काय काढलं ते दाखवायला काहीच उरत नाही. बॅन घालताना दिवस भरावेत. रकाना रिकामा ठेवला की बॅन कायमचा होतो, आणि घाईत तो रिकामाच राहतो.

आख्खा सर्व्हर ब्लॉक करणं शेवटचा उपाय. ब्लॉकलिस्टऐवजी चुकून अलाउलिस्टमध्ये (फक्त परवानगी असलेल्या सर्व्हरांच्या यादीत) एक नाव टाकलं, तर तेवढं सोडून बाकी सगळं जग बंद होतं. शिवाय ब्लॉक केलेल्या सर्व्हरवरच्या कम्युनिटीची जुनी प्रत आपल्याकडे तशीच राहते. आपले लोक तिथे लिहीत बसतात आणि पलीकडे काही पोचत नाही. म्हणून ब्लॉक करताना ती प्रतही आपल्याकडून रिमूव्ह करावी.