डॉट जीझेड उघडेना

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यासाठी मी जँगोमध्ये (पायथन भाषेतली वेबसाइट बनवायची चौकट) ऑर्डरींची नोंद ठेवणारं छोटं अ‍ॅप्लिकेशन लिहिलंय. रोज रात्री त्यातून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या तक्त्याची साधी फाईल) निघते, ती जीझिपने दाबून डॉट जीझेड होते आणि सकाळी तिथले हिशेबनीस ती ब्राउझरमधून उतरवून घेतात. पहिल्याच सोमवारी साडेनऊला फोन आला, "भाई, फाइल खूलती नथी."

मी दांडिया बाजारात, घरीच. कर्ल या कमांडने फाईल ओढली, जीझिपने तपासली, ठणठणीत निघाली. दोष त्यांच्या कॉम्प्युटरला देऊन मी मोकळा झालो.

दुपारी त्यांनी उतरवलेली फाईल मागवली. जीझिपचे पहिले दोन बाइट कायम १एफ ८बी असतात. इथे सुरुवातीलाच ऑर्डर नंबर, स्वल्पविराम, तारीख! नाव डॉट जीझेड, आत साधी सीएसव्ही. ३८ एमबीची.

मूळ माझ्याच आळसात होतं. फाईल द्यायला मी जँगोचा 'सर्व्ह' हा तयार व्ह्यू (विनंतीला उत्तर देणारा कोड) वापरला होता. तो खऱ्या सर्व्हरवर वापरू नका, असं डॉक्युमेंटेशन बजावतं. तो नावावरून अंदाज बांधतो: प्रकार टेक्स्ट-सीएसव्ही, एन्कोडिंग जीझिप. मग 'कंटेंट-एन्कोडिंग: जीझिप' हे हेडर (फाईलसोबत जाणारी चिठ्ठी) लावून टाकतो. म्हणजे ब्राउझरला सांगणं असं की जीझिप फक्त वाटेपुरतं आहे, पोचल्यावर सोडव. बिचाऱ्याने सोडवलं. कर्ल मात्र मागितल्याशिवाय काही सोडवत नाही, म्हणून माझ्याकडे सगळं आलबेल.

व्ह्यू बदलून जँगोचाच फाईलरिस्पॉन्स लावला. तो असल्या फाईलला सरळ अ‍ॅप्लिकेशन-जीझिप म्हणतो, एन्कोडिंगचं हेडर लावत नाही. फाईल उघडली, पण नवीनच तक्रार: किती डाउनलोड झाली, किती राहिली, काही दिसत नाही. जँगोचं जीझिप मिडलवेअर (उत्तरं वाटेत दाबणारा थर) चालू होतं ना! ते प्रकार बघत नाही. २०० बाइटपेक्षा लहान उत्तर सोडून देतं, पण स्ट्रीम होणारी फाईल आधीच दाबलेली असली तरी पुन्हा दाबतं आणि आकार आधी कळणार नाही म्हणून कंटेंट-लेंग्थ हे आकाराचं हेडर काढून टाकतं. आधी ते गप्प होतं, कारण एन्कोडिंगचं हेडर लागलेलंच होतं. मिडलवेअर काढलं, दाबायचं काम एनजिन्क्स या वेब सर्व्हरकडे दिलं. तिथेही नुसतं 'जीझिप ऑन' लिहिलं तर फक्त एचटीएमएल दाबलं जातं. सीएसएस, जेसन यादीत हाताने घालावे लागतात.

हिशेबनीसांचं पुढचं मागणं, "झिप आपो ने." विंडोजमध्ये दोनदा क्लिक केलं की उघडते, ते काही चुकीचं बोलत नव्हते. पायथनच्या झिपफाईल मॉड्यूलने दहा मिनिटांत करून दिलं. संध्याकाळी बघतो तर झिपही ३८ एमबीचीच. ते मॉड्यूल आपणहून दाबतच नाही, नुसतं डब्यात भरतं. 'झिप डिफ्लेटेड' हा दाबायचा पर्याय लिहायचा राहिला होता.