तोर्रोंतेसच्या नोंदी : काफायातेची बाटली आणि तिखटाचा प्रश्न

सध्या माझा सगळा भर अर्जेंटिनाच्या तोर्रोंतेस या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाच्या एकाच वाणावर आहे. मालबेक हा लाल वाइनचा वाण फ्रान्समधून तिकडे गेला. तोर्रोंतेस मात्र अर्जेंटिनाच्याच मातीत जन्मला. स्पेनच्या गालिसिया प्रांतात याच नावाचे द्राक्ष आहे, परंतु त्याचा याच्याशी संबंध नाही. तोर्रोंतेसचे रिओहानो, सान्हुआनिनो आणि मेंदोसिनो असे तीन प्रकार असून चांगल्या बाटल्या बहुतेक रिओहानोच्याच असतात. जनुकीय तपासणीनुसार रिओहानो हा अलेक्झांड्रियाचा मस्कत हे सुगंधी पांढरे द्राक्ष आणि स्पॅनिश वसाहतकाळात आलेली क्रिओल्या चिका ही काळी जात यांचा नैसर्गिक संकर ठरतो. वासातला मस्कतचा अंश त्यामुळे लपत नाही.

या खेपेची बाटली साल्ता प्रांतातील काफायातेची आहे. हे गाव काल्चाकी खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर असून तेथे पाऊस इतका कमी पडतो की अँडीजच्या पाण्याखेरीज मळे जगणार नाहीत. दिवसा प्रखर ऊन आणि रात्री बोचरी थंडी असल्यामुळे द्राक्षात साखर भरत असतानाही आंबटपणा बऱ्यापैकी टिकून राहतो. तेथील जुन्या वेली ‘पार्राल’वर, म्हणजे नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना परिचित असलेल्या मांडवावरच चढवलेल्या असतात, पानांच्या छपराखाली घड उन्हाने करपत नाहीत आणि सुगंधही उडून जात नाही.

आता प्रत्यक्ष चवीकडे वळतो. रंग फिकट, कडेला किंचित हिरवट. फ्रीजमधून काढल्या काढल्या वास बेताचाच होता. ग्लास तळहातात थोडा वेळ धरून तापमान दहा अंशांच्या आसपास आल्यावर गुलाब, मोगऱ्याच्या जवळचा एक वास आणि संत्र्याची साल असे एकेक उलगडत गेले. या वासावरून कोणीही गोड वाइनची अपेक्षा धरील, पण घोट पूर्णपणे कोरडा आहे आणि गिळल्यानंतर जिभेच्या मुळाशी बारीक कडवटपणा रेंगाळतो. हा कडवटपणा मुख्यतः सालीतील द्रव्यांचा असल्याने सालींचा संपर्क किती वेळ ठेवला आणि घड किती हलक्या हाताने दाबले, यावर तो बराच अवलंबून असतो. एरवी दोषच वाटावा असा हा गुण मला जेवणासोबत हवाहवासा वाटू लागला आहे.

जोडीला साल्ता पद्धतीच्या एम्पानादा, म्हणजे तिखटमिठाचे सारण भरलेल्या करंज्या, केल्या. हाताने बारीक कापलेले गोमांस, बटाटा, पातीचा कांदा, उकडलेले अंडे आणि भरपूर जिरे हे त्यांचे मूळ सारण. मी गोमांसाऐवजी कोंबडी वापरली. जिऱ्याचा उग्रपणा आणि वाइनचा फुलांचा वास एकमेकांना झाकत नाहीत, शिवाय पारीतील चरबीमुळे कडवटपणाची धार बोथट होते. किसलेल्या कोवळ्या मक्याची, चीज घालून मक्याच्याच पानात शिजवलेली उमिताही छान जमली, पण माझ्या मते बाजी एम्पानादांनीच मारली.

‘मसालेदार जेवणाबरोबर तोर्रोंतेस’ हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो मला अर्धाच पटतो. साल्ताच्या या सारणात मसाला असतो, पण जाळ बेताचा असतो. तिरफळे घालून केलेल्या बांगड्याच्या आमटीबरोबर, अर्थात लाल मिरची हात राखून घातल्यास, ही वाइन फारच शोभते, कारण तिरफळाचा लिंबूवर्गीय वास तिच्या वासाला जाऊन मिळतो. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र तेरा-साडेतेरा टक्के अल्कोहोल तिखटाची आग वाढवते आणि मागे फक्त कडवटपणा उरतो. तसल्या जेवणाला किंचित गोडसर आणि कमी अल्कोहोलची रीस्लिंग ही पांढरी वाइनच बरी.

उरलेली बाटली दुसऱ्या दिवशी निम्मा सुगंध गमावून बसली होती. तेव्हा ही वाइन शक्यतो ताजीच, तोडणीनंतर एक-दोन वर्षांत प्यावी आणि उघडल्यावर त्याच दिवशी संपवावी. पुढच्या नोंदीसाठी ला रिओहा प्रांतातील चिलेसितोची बाटली याच तापमानाला, याच एम्पानादांबरोबर घेणार आहे.