जाऊळाच्या बोकडाचा वाटा सुरतेपर्यंत

आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठावर. आई मात्र थोरल्या भावाकडे सुरतेला, लिंबायतमध्ये राहते. तिकडे निम्मी गल्ली आपल्या खान्देशचीच आहे, अहिराणी कानावर पडत असते, म्हणून तिला करमतं. तीन वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून लांबचा प्रवास बंद झाला. त्याच वर्षी मे महिन्यात माझ्या मुलीचं जाऊळ होतं. नातीच्या जाऊळाला आजी नाही, मग निदान बोकडाचा वाटा तरी तिच्यापर्यंत पोचवायचा, असं मी ठरवलं.

तो वाटा पोचला, पण तिच्या मुखी लागला नाही.

तेव्हा मी काय केलं ते आधी सांगतो, कारण बहुतेक लोक हेच करतात. दुपारी बारा वाजता बोकड कापला. सहा किलो मटण बारीक तुकडे करून, स्वच्छ धुऊन, गरम गरमच एका जाड पिशवीत भरलं. पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. पाण्याच्या जारच्या रिकाम्या डब्यात ती ठेवून वरून चार किलो बर्फ ओतला आणि निघालो. बाहेर ४३ अंश. बारडोलीला चहाला थांबलो तेव्हा बर्फाचं पाणी झालेलं होतं आणि पिशवी त्यात तरंगत होती. हात घातला तर पाणी कोमट. लिंबायतला पोचून पिशवी सोडली तेव्हा मधले तुकडे अजून गरम होते, वरून बुळबुळीत, हिरवट झाक आलेली, आणि आंबूस वास. आईनं तो वास घेतला आणि काहीच बोलली नाही. तिनं सकाळीच आजूबाजूच्या सात घरी सांगून ठेवलं होतं, नातीच्या जाऊळाचं मटण येतंय, वाटी पाठवते. रात्री भावानं सगळं नेऊन पुरलं. त्या सात घरांना आईनं काय सांगितलं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

यंदा मुलाचं जाऊळ आलं. परत मे महिनाच, कारण मामाला सुट्टी तेव्हाच. या वेळी महिनाभर आधी विचारपूस सुरू केली.

पहिली भेट गुरांच्या डॉक्टरांशी. आमच्या गाईम्हशींना नेहमी तेच येतात. त्यांनी एक गोष्ट नीट समजावली. जिवंत बोकडाचं अंग ३९ अंशांच्या आसपास गरम असतं. कापल्यावर ती उष्णता आपोआप जात नाही, मांसाच्या मधोमध अडकून बसते. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्यानं वाढतात, आणि अंगाच्या उष्णतेइतक्या ऊबेत तर वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणून कापल्यापासून दोन तासांत, आणि मे महिन्यात तर एका तासातच, मटण गारव्यात गेलं पाहिजे. गरम पिशवीचं तोंड बांधणं म्हणजे जंतूंना गोधडी पांघरणं, हे त्यांचे शब्द. माझं तीन वर्षांपूर्वीचं सगळं त्या एका वाक्यात आलं.

त्यांनीच दुसरंही सांगितलं. कापल्यावर काही तासांनी मांस ताठरतं, मग हळूहळू परत सैल पडतं. ताठरलेलं असताना शिजवलं तर चिवट लागतं. आणि हाडापासून सोडवलेलं ताजं मांस एकदम बर्फात घातलं तर आखडून जास्तच चिवट होतं. म्हणून मांडी अख्खी, फरा म्हणजे पुढचा पाय अख्खा, बरगडी अख्खी ठेवायची. हाडाला धरून असलं की मांस कमी आखडतं. शिवाय तुकडे जितके बारीक तितका सुरीचा आणि हाताचा संसर्ग जास्त. तुकडे सुरतेला गेल्यावर करायचे.

कलेजी, वजडी, मुंडी, पाये यातलं काहीही सोबत न्यायचं नाही, हेही ठरलं. सगळ्यात आधी बिघडतं ते हेच. ते गावातच शिजवून संपवायचं.

मग धुळ्याला मासळी विकणाऱ्या मावशींकडे गेलो. त्यांच्याकडे मासळी येते ती पांढऱ्या थर्माकोलच्या खोक्यात. दोन रिकामी खोकी त्यांनी दिली, पैसे घेतले नाहीत. बर्फ कसा भरायचा तेही दाखवलं. खाली लादीचा मोठा तुकडा, कारण तो सावकाश वितळतो. मालाच्या वरची आणि बाजूची जागा फोडलेल्या बर्फानं भरायची, कारण चुरा सगळीकडून भिडतो आणि लवकर गार करतो. मी विचारलं, पाण्याचं काय? त्या म्हणाल्या, "पाणीमा ऱ्हायनं का सडस भाऊ. माल वर, पाणी खाले." त्यांच्या खोक्याला तळाशी भोक होतं, लाकडी बूच लावलेलं. मी घरी येऊन तसंच भोक पाडलं, आणि खोक्याच्या तळाला बांबूच्या कामट्यांची दोन बोटं उंच जाळी बसवली. वितळलेलं पाणी जाळीखाली जमणार, मटण वर कोरडं राहणार.

बर्फ किती, याचा हिशेब भाच्यानं कागदावर मांडला, तो बारावी सायन्सला आहे. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. आठ किलो मटण ३९ अंशांवरून ४ अंशांवर आणायचं तर साधारण २३० किलोकॅलरी काढावी लागते. म्हणजे नुसतं मटण गार करायलाच तीन किलो बर्फ गेला. रस्त्यावरच्या उन्हाचा वाटा वेगळा. मी गेल्या खेपेला चार किलो नेला होता! या वेळी मटणाच्या दुप्पट, सोळा किलो धरला.

बर्फ घेताना एक बघा. बर्फ कारखान्यात दोन प्रकारचा मिळतो. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम २०१८ पासून आहे. आपल्याला पांढरा, खाण्याचा बर्फ मागून घ्यायचा, पिशवीतून का होईना तो अन्नाला लागणारच असतो. लादी आदल्या संध्याकाळी आणली, लाकडाच्या भुशात गाडून वर ओलं गोणपाट टाकलं. सकाळी जेमतेम चौथा हिस्सा कमी झाला होता. एक तुकडा रात्रभर खोक्यातही ठेवला, म्हणजे खोकंच आधी गार होतं.

खरी अडचण निघाली वेळेची. मला बोकड पहाटे हवा होता, गारव्यात. पण रीत अशी की आधी जाऊळ, मग बोकड. आणि जाऊळ उन्हं वर आल्यावर, पाहुणे जमल्यावर. मोठे काका ऐकेनात. मी त्यांना तीन वर्षांपूर्वीची पिशवी आठवून दिली, आईच्या नावानं वाटा काढताय ना, मग तो तिच्या ताटात पडला पाहिजे, असं म्हटलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग आजोबांची गोष्ट त्यांनीच काढली. आजोबांच्या उमेदीत डोंगराकडे हाका करून रानडुकराची शिकार व्हायची. शिकार पडली की जागेवरच वाटे, आणि लांबच्या घरचा वाटा मीठ-हळद लावून, पट्ट्या कापून, दोरीवर वाळवून पाठवायचे. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती शिकार बंद झाली, झालं तेही योग्यच. पण लांबच्या घरचा वाटा बिघडू द्यायचा नाही, ही तेव्हाही काळजी होतीच. "उजाडताना मामाच्या मांडीवर बसव पोराला," काका म्हणाले.

तसंच झालं. सहाच्या आधी जाऊळ उतरलं, सव्वासहाला बोकड. खाटीक भाऊंना आधीच सांगून ठेवलं होतं, पाणी मारायचं नाही. स्वच्छ कोरड्या फडक्यानं पुसून घेतलं. मांड्या, फरे, बरगड्या निंबाच्या सावलीत तासभर टांगून ठेवल्या, घरातला टेबल फॅन समोर लावला. वारं लागल्यावर मांसावर पातळ कोरडी साय धरते, बोटाला चिकटत नाही. तशी साय धरल्यावरच पिशव्यांत भरलं, प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत, हवा दाबून काढून.

सगळ्यात उपयोगी पडला तो दोन-तीनशे रुपयांचा तारेचा थर्मामीटर. त्याची सुई मांडीच्या मधोमध हाडाजवळ खुपसली, तार खोक्याच्या झाकणाखालून बाहेर काढली. झाकण एकदाही न उघडता आत काय चाललंय ते दिसत होतं. भरताना आकडा ३३ होता. जेवणावळ उरकून साडेदहाला निघालो तेव्हा १४.

इको गाडीत मागच्या सीटवर खोकं, वर जाड गोधडी. दहिवेल, मग कोंडाईबारीचा घाट. घाटात गाडी तापली म्हणून एसी बंद करावा लागला आणि माझा जीव खाली-वर झाला. आकडा मात्र हलला नाही, उलट उतरत होता. विसरवाडी ओलांडली. नवापूरला थांबलो. नवापूर म्हटलं की लोकांना अजून २००६ सालचा बर्ड फ्लू आठवतो, मलाही मांसाच्या बाबतीत तिथं जरा धाकधूकच होते. बूच काढलं, तांब्याभर पाणी गेलं. आकडा ७. वरून दोन किलो चुरा टाकला, झाकण लगेच बंद. सोनगड, व्यारा, बारडोली. बारडोलीला त्याच टपरीवर चहा घेतला. आकडा ५.

लिंबायतला पोचलो तेव्हा ४. निम्म्याहून जास्त बर्फ शाबूत होता.

आई दारातच खुर्चीवर बसलेली. "आनं का रे? थंड शे का?" मी मांडीची पिशवी तिच्या हातात दिली. तिनं पिशवी सोडली, अंगठ्यानं मांस दाबलं, खळगा परत भरून आला का ते बघितलं, मग नाकाशी नेलं. मी श्वास रोखून उभा होतो. "चांगलं शे," एवढंच ती म्हणाली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे त्या रात्री शिजवलं नाही, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ताटात उघडं ठेवलं. सकाळी तुकडे केले. कांदा-खोबरं भाजून वाटणं आईनं स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतलं, वहिनीला दोनदा परत वाटायला लावलं. सोबत कळण्याच्या भाकरी. गावात आदल्या दिवशी आम्ही दीड तास शिजवूनही दातांशी झगडलो होतो. हे पाऊण तासात बोटानं सुटत होतं.

ताटं घ्यायच्या आधी आईनं सात वाट्या भरल्या, ओट्यावर ओळीनं मांडल्या, वर एकेक बशी झाकली आणि पुतण्याला नावं सांगू लागली. तीच सात घरं. पहिली वाटी कोणाकडे, दुसरी कोणाकडे, तिला सगळं पाठ होतं.