ओहोटी, सातबारा आणि 220 केव्ही

"पर्यावरणाची परवानगी मिळाली काय रे?" गावात भेटेल तो हेच विचारायचा. आधी मी समजावत बसायचो, मग कंटाळलो. उच्चदाब लाइनला ती मंजुरी लागतच नाही. 2006 च्या ईआयए (पर्यावरणावरील परिणामांच्या मूल्यांकनाच्या) अधिसूचनेच्या यादीत विजेच्या लाइन नाहीत, म्हणून जनसुनावणीही नाही. हे ऐकलं की लोक म्हणायचे, म्हणजे तुम्हाला रान मोकळंच! रान मोकळं असतं तर मी अडीच वर्षं काय करत होतो?

मी सर्वेक्षणाच्या ठेकेदाराकडे होतो, परवानग्यांची फाइल माझ्याकडे. 220 केव्हीची (किलोव्होल्टची) एक लाइन रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या हद्दीजवळ खाडी ओलांडून जाणार होती. तिला 35 मीटर रुंदीचा पट्टा लागतो. माझा पहिला आराखडा हापूसच्या कलमांतून जात होता. तारांपासून झाड 4.6 मीटर लांब राहायला हवं, म्हणजे कलमांची डोकी उडणार. बागायतदार ऐकणार नाहीत हे सांगायला ज्योतिषी नको. मग मी लाइन उचलून सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर नेली. सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला नालायक, वर नुसता कातळ. ऑफिसात माझं कौतुक झालं.

ते कौतुक महिनाभर टिकलं. त्या कातळातल्या निम्म्या गटांवर वनसंज्ञा निघाली. मालकाचं नाव जागेवर, पण सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात वनाची नोंद. मग वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज, पर्यायी मार्गांची तुलना, डीजीपीएसने (उपग्रहाच्या साहाय्याने) मोजणी, दुसरीकडे लावायच्या झाडांसाठी जागा. आधी तत्त्वतः मंजुरी, मग त्यातल्या अटी पुऱ्या करा, मग अंतिम. उरलेल्या निम्म्यात एका टॉवरच्या जागी निशाणी मारताना गावातले एक निवृत्त गुरुजी आले आणि म्हणाले, "पाय जपून." पालापाचोळा बाजूला केला तर कातळात कोरलेला मासा. कोकणातली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. ही त्यातली नव्हेत, पण असल्या जागी खड्डा मारायची माझी छाती झाली नाही. टॉवर सरकवला. एक सरकला की शेजारचे दोन सरकतात आणि नवे गट नंबर, नवे मालक येतात, हे नकाशावर रेघ मारणाऱ्याला कधी कळत नाही. मलाही तोवर कळलं नव्हतं.

खाडीचं प्रकरण तर माझ्याच चुकीने लांबलं. दोन्ही काठांवर उंच टॉवर आणि मध्ये पाण्यात काहीच नाही, असा बेत होता. तार ओढायला थोडं कांदळवन तोडावं लागणारच होतं, पण निदान टॉवरचे पाय कांदळवनापासून 50 मीटरच्या पट्ट्याबाहेर आहेत, असं मी छातीठोक लिहून दिलं होतं. उपग्रहाच्या चित्रावरून कडा आखली होती. संयुक्त पाहणीच्या दिवशी वनरक्षकाने भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून सकाळी साडेसहाची वेळ दिली, तेव्हा मी मनात चरफडलो. पाणी ओसरलं आणि माझ्या रेघेच्या अलीकडे, चिखलात, चिपीची, म्हणजे कांदळवनातल्याच एका झाडाची, वीतभर रोपं उभी दिसली. माझं चित्र भरतीच्या वेळचं होतं. टेप लावली तर एक पाय 41 मीटरवर. वनरक्षक काही बोलला नाही, नुसतं वहीत लिहिलं. ते न बोलणंच जास्त लागलं.

टॉवर मागे घेतला, उंची वाढवली, सगळी गणितं पुन्हा. सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे नवा प्रस्ताव गेला. तोडायच्या कांदळवनासाठी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करायचा होता. 17 सप्टेंबर 2018 च्या निकालानंतर कांदळवन तोडायचं तर सार्वजनिक कामालाही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. तिथे आधी बाकीच्या मंजुऱ्या दाखवाव्या लागतात. म्हणजे मागचा कागद येईस्तोवर पुढचा हलत नाही.

मागे सरकलेला टॉवर आला एका आजीच्या बागेत. "ह्यां कलम माझ्या सासऱ्यान लावलेलां," एवढंच त्या म्हणाल्या. जमीन संपादित होत नाही, सातबारा तुमचाच राहतो, हे मी सांगितलं. केंद्राच्या जून 2024 च्या सूचनांप्रमाणे टॉवरखालच्या जागेला तिच्या किमतीच्या 200 टक्के आणि ग्रामीण भागात तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के मोबदला, झाडांचे वेगळे, हेही सांगितलं. नकार दिला तर जिल्हाधिकारी अडथळा दूर करायचा आदेश देऊ शकतात, हे मात्र मी सांगितलं नाही. त्यांना ते ठाऊक असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच दोरी धरली आणि टॉवर दोन कलमांच्या मधोमध बसतो हे दाखवून दिलं. तरी तारांखालचं एक कलम गेलंच.

त्या सातबाऱ्यावर चौदा सहहिस्सेदार, त्यातले अकरा मुंबईत. सह्या गणपतीत गोळा केल्या. चाकरमानी आरतीला जमतात, मीही दोन आरत्या म्हटल्या, मोदक खाल्ले, शाईचं पॅड पुढे केलं. बाराव्या सहीसाठी विरारला जावं लागलं.

न्यायालयाचा आदेश हातात आला तो पुढच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात. सगळे कागद पुरे झाले म्हणून मी साइटवर फोन केला. मुकादम म्हणाला, "साहेब, सड्यावर गुडघाभर पाणी आहे. आता दसऱ्यानंतर बघू."