तळहाताएवढी गर्दी

एका चित्राशी मी अधूनमधून चाळा करतो. इंग्रज चित्रकार विल्यम फ्रिथ यांचं १८६२ सालचं 'द रेल्वे स्टेशन' पडद्यावर उघडायचं आणि खालची सगळी गर्दी तळहाताने झाकून टाकायची. उरतं ते लंडनचं पॅडिंग्टन स्टेशन, अगदी रिकामं.

पाप आहे हे, कबूल. लोक गर्दीच तर बघायला यायचे! चित्र लंडनमध्ये मांडलं तेव्हा सात आठवड्यांत एकवीस हजारांवर माणसांनी पैसे मोजून पाहिलं. नवरीला निरोप चाललाय, भाड्यावरून गाडीवानाशी हुज्जत चाललीय, डब्यांच्या टपावर सामान चढतंय. एक जण डब्यात पाय ठेवतो न ठेवतो तोच पोलिसांनी त्याला धरलंय. फ्रिथना गोष्टी सांगायची भारी हौस.

आणि वर? लोखंडी कमानी, सडसडीत खांब, काचेतून झिरपणारा उजेड. इंजिनिअर ब्रुनेल यांचं हे स्टेशन १८५४ मध्ये सुरू झालं, म्हणजे चित्रात ते तसं नवंच. गंमत अशी की हे छत फ्रिथ यांच्या हातचं नाहीच. इमारती रंगवण्यात तरबेज असलेल्या विल्यम स्कॉट मॉर्टन यांच्याकडून त्यांनी ते काम करून घेतलं. थोडक्यात, नेपथ्यकार. टाळ्या नटांना, आणि याचं नाव जाहिरातीत खाली, बारीक अक्षरात. माझ्या तळहाताचा कौल मात्र त्यालाच.

फक्त मधोमध येऊन हात अडखळतो. तिथे फ्रिथ यांनी स्वतःचंच कुटुंब घातलंय. मुलं बोर्डिंगच्या शाळेला निघालीत, आई धाकट्याचा मुका घेतेय.

मी पहिल्यांदा हॉस्टेलला निघालो तेव्हा बाबा, नेहमीप्रमाणे, गाडीच्या तासभर आधी स्टेशनवर हजर. फलाट ओस. मुकेबिके आमच्याकडे नसतातच. ''पाकीट आतल्या खिशात ठेव'' आणि ''पोचलास की फोन कर'' एवढ्यात बोलणं संपलं. मग दोघेही मान वर करून छत बघत बसलो. पत्रा तोलणाऱ्या सात लोखंडी कैच्या होत्या, तिसरीत कबुतराचं घरटं. बाबांनी त्या दिवशी कुठला शर्ट घातला होता, ते मात्र विचारू नका.